इंजिनाच्या ब्रीदरचा पाईप: आधी वाट, मग रबर

ब्रीदरचा पाईप, म्हणजे इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर काढणारी नळी, फुटला म्हणून गाडी रस्त्यात उभी राहत नाही. त्यामुळे रेडिएटरच्या पाईपकडे जेवढं लक्ष जातं तेवढं याच्याकडे कधी जात नाही. टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर, तेलाचा ओलसर थर दिसायला लागतो, त्यावर धूळ बसते, स्लो (पेडल न दाबता इंजिनाचा चालता वेग) खालीवर होतो, आत बसलं की जळक्या तेलाचा वास येतो. गॅरेजमध्ये नेलं की कार्ब्युरेटर उघडला जातो, साफ होतो, बसवला जातो, आणि दुखणं तसंच राहतं. नीट आरसा घालून बघितलं तर मॅनिफोल्डच्या मागं, हात पोचत नाही अशा जागी, त्या पाईपला लांब चीर गेलेली असते.

मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर आणि पॉवर पॅक जोडायचं काम करतो. होज, फिटिंग आणि तेल हे माझं रोजचं. माझी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० अजून रोज तिसरं रेल्वे गेट ओलांडते. अनगोळ, वडगावपासून खाली खानापूर, जांबोटीपर्यंत अशा जुन्या ८००, ओम्नी, जिप्सी पुष्कळ आहेत आणि लोकांनी त्या जपून ठेवल्या आहेत. या गाड्यांचे साच्यात घडवलेले, दोन-दोन वळणांचे मूळ पाईप आता सहजासहजी मिळत नाहीत. मिळाला तर मूळच घ्या, त्यासारखं काही नाही. नाही मिळाला तर तो घरी करता येतो, आणि नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. फक्त त्याला नुसती नळी समजून चालत नाही.

त्यातून काय जातं आणि काय येतं

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटातला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आणि खाली उडणाऱ्या तेलाचे बारीक कण त्यात मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही तर आत दाब साठतो आणि जिथं कमजोर जागा मिळेल तिथून तेल ढकलतो: क्रँकचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कधी तर डिपस्टिकच वर उचलली जाते.

पेट्रोल गाडीत यासाठी बहुधा दोन वाटा असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा वायू बेतानं सोडणारी छोटी झडप) इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटणाऱ्या नळ्यांना, जाते, दुसरी टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरला. गाडी स्लोवर असताना मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ असते, त्यामुळे पहिल्या वाटेनं वायू खेचला जातो आणि दुसऱ्या वाटेनं एअर क्लीनरमधली स्वच्छ हवा आत येते. चोर्ल्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून चढताना उलटं होतं. मॅनिफोल्डची ओढ कमी पडते, रिंगांवरून येणारा वायू वाढतो, आणि जादाचा वायू दुसऱ्या पाईपनं उलटा एअर क्लीनरकडे जातो. म्हणजे एका पाईपला आतून ओढ सोसायची असते आणि दुसऱ्यात वारा दोन्हीकडून वाहतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. या पाईपमधून वायू वर जातो आणि त्यातलं तेल-पाणी थंड होऊन खाली परत येतं. तो जेवढा वायूचा रस्ता आहे तेवढाच पाण्याचा पन्हाळ आहे. आमच्या बेळगावात हे जास्तच जाणवतं. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, हवा गार, जुलैत आठवडाभर ऊन नाही, आणि गाडी अनगोळहून गणपत गल्लीपर्यंत जाऊन परत येणार. एवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. वाफ बाहेर न पडता पाईपमध्येच जिरते, तेलात घुसळली जाते, आणि ऑइलच्या झाकणाखाली आणि पाईपच्या आत ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट पांढरा थर धरतो. पाईप मध्येच खाली झोळासारखा लोंबत असेल तर हा थर नेमका त्या झोळात साठतो आणि वाट बुजवतो. म्हणून पाईप करायला घेताना मी रबराचा विचार नंतर करतो, आधी वाट बघतो.

तसाच थर डिपस्टिकवरही असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर तो पाईपचा विषय नाही, हेड गॅस्केट बघून घ्या.

हात घालण्याआधी

इंजिन चालू करा, स्लोवर सोडा, ऑइलचं झाकण काढा आणि त्या तोंडावर वहीचा एक कागद धरा. कागद हलका आत ओढला गेला तर यंत्रणा ठीक आहे. कागद फडफडत वर उडत असेल तर एक तर वाट बुजली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. रिंगा झिजलेल्या इंजिनाला कितीही चांगला पाईप घातला तरी तेलगळती थांबणार नाही, त्यावर पैसे घालू नका.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. आतली गोळी खुळखुळ वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कार्ब क्लीनरनं धुवा, तरीही मुका राहिला तर नवा घ्या. तो स्वस्त असतो आणि परत बसवताना त्याची दिशा चुकवू नका.

जुना पाईप ओढून काढू नका. विशेषतः एअर क्लीनरच्या प्लॅस्टिकच्या बोंडीवर (पाईप ज्यावर चढतो ती तोटी) बसलेला पाईप वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं चिकटलेला असतो आणि बोंडीसुद्धा ठिसूळ झालेली असते. जोर लावला की बोंडी तुटून पाईपबरोबर हातात येते. नव्या ब्लेडनं पाईपला लांबीच्या दिशेनं चीर द्या, केळीच्या सालीसारखा सोला. तो टाकून मात्र देऊ नका. उभा चिरलेला पाईप उघडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि बघा. थर कुठं जाड आहे, तडे वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहेत की क्लिपखाली, कुठला भाग कडक होऊन चकाकतोय आणि कुठला फुगून मऊ पडलाय. कडक झालेला भाग एक्झॉस्टजवळचा असतो. फुगलेला भाग बहुधा कुणीतरी मध्ये घातलेला चुकीच्या रबराचा तुकडा असतो. नव्या पाईपसाठी लागणारी बरीच माहिती त्या जुन्या पाईपवरच लिहिलेली असते.

वाट

बांधकामाला वापरतात त्यापेक्षा जरा जाड, हातानं वाकेल पण स्वतःचा आकार धरून राहील अशी तार घ्या. ३ मिमीचा वेल्डिंग रॉड फ्लक्स झाडून घेतला तर उत्तम. इंजिन थंड असताना ही तार एका बोंडीपासून दुसऱ्या बोंडीपर्यंत पाईप जिथून जायला हवा तशी वाकवा. घाई करू नका, अख्ख्या कामातला खरा वेळ इथंच जायला हवा.

पहिली अट उताराची. टॅपेट कव्हरच्या तोंडापासून वर चढत जाऊन मग शेवटपर्यंत एकसारखा चढ, किंवा मध्ये एक उंच टेकाड आणि दोन्हीकडे उतार, असं काहीही चालेल. मध्ये खड्डा चालणार नाही. गाडी सपाट जागी उभी करून हे बघा, आमच्या गल्लीसारख्या उतारावर उभी करून नको.

दुसरी अट उष्णतेची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून निदान ७५ मिमी अंतर ठेवा. तेवढी जागाच नसेल तर त्या भागावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवा.

तिसरी हालचालीची. इंजिन माउंटिंगवर डोलतं, बॉडी डोलत नाही. पाईपचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं बॉडीवर असेल तर तार ताणून माप घेऊ नका, २० ते २५ मिमीची ढील ठेवा. दोन्ही टोकं इंजिनावरच असतील तर ढीलीची गरज नाही, उलट जादा लांबी लोंबून झोळ करते.

आणि चौथी अट जिवाची आहे: ॲक्सिलरेटरची केबल, तिची लिव्हर आणि परत ओढणारी स्प्रिंग यांच्या वाटेत पाईप येता कामा नये. एकानं आत बसून पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्यानं बॉनेटखाली तार कुठं लागते का ते बघावं. पाईप लिव्हरखाली अडकला तर गाडी वेग सोडणार नाही. फॅन आणि बेल्टचंही तेच.

तार मनासारखी बसली की तिच्यावर मार्करनं खुणा करा: वरची बाजू, इंजिनाकडचं टोक, एक्झॉस्टजवळचा भाग, आणि सगळ्यात घट्ट वळण कुठं आहे ते.

बोंडीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरनं मोजा, पण टोकाच्या फुगीर कडेवर नाही, तिच्या मागच्या सरळ भागावर. पाईपचा आतला व्यास तेवढाच किंवा अर्धा मिलिमीटर कमी हवा. दोन टोकांच्या बोंड्या वेगवेगळ्या मापाच्या निघाल्या तर मोठ्या मापाचा पाईप घेऊन लहान बोंडीवर योग्य मापाची स्लीव्ह चढवा. मूळ पाईपपेक्षा आतून अरुंद पाईप कधीच घालू नका, वायूची वाट आवळली की दाब आतच राहणार. माझ्या गाडीची मापं इथं मुद्दाम देत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत ती बदलतात, आपली आपण मोजावीत.

रबर

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण दुकानात सगळे पाईप काळेच दिसतात.

रेडिएटरचा आणि हीटरचा पाईप ईपीडीएम रबराचा असतो. तो गरम पाण्याला आणि वाफेला उत्तम, पण तेल लागलं की फुगतो आणि मऊ पडतो. मॅनिफोल्डच्या ओढीनं असा पाईप आत चिमतो. नायट्राइल, म्हणजे एनबीआर रबर तेलाला आणि पेट्रोलला टिकतं. ब्रीदरसाठी आपल्याला तेच हवं. पाण्याची पारदर्शक पीव्हीसी नळी बॉनेटखाली आधी लोळागोळा होते आणि मग काचेसारखी कडक, तिचं नावसुद्धा काढू नका.

माझा खानापूरचा भाचा त्याच्या जिप्सीसाठी आला तेव्हा मोबाईलवर चित्र दाखवून म्हणाला, “मामा, निळा सिलिकॉनचा घालूया की, भारी दिसतोय.” दिसतो भारीच, आणि उष्णताही नायट्राइलपेक्षा कितीतरी जास्त सोसतो. पण साध्या सिलिकॉनमधून तेलाची वाफ हळूहळू पाझरते, बाहेरून पाईप चिकट होतो, आणि आतून मऊ पडत जातो. आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला सिलिकॉन पाईप मिळाला आणि परवडला तर अवश्य घाला. साधा निळा रेडिएटरला शोभेल, इथं नाही.

मग काय मागायचं? दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं, इंधनाचा पाईप ज्यावर ‘एसएई जे३० आर७’ छापलेलं असतं. तो कमी दाबाच्या इंधनासाठी आणि नेमका अशा वाफेच्या वाटांसाठीच असतो. मिळाला तर तोच घ्या. दुसरं आमच्या धंद्यातलं: ‘एसएई १०० आर६’, नायट्राइलचं अस्तर आणि त्यावर कापडी विणीचा एक थर असलेला हायड्रॉलिकचा कमी दाबाचा होज. बेळगावात हायड्रॉलिकचे एवढे कारखाने आहेत की होजच्या दुकानात याचा तुकडा मागितला तर मिळतो. त्याची उष्णतेची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, म्हणून एक्झॉस्टपासून लांब ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. आर१, आर२ हे पोलादी तारेचे होज देऊ केले तर घेऊ नका. ते शेकडो बार दाबासाठी आहेत, इतके ताठ असतात की प्लॅस्टिकची बोंडी मोडतील. ब्रीदर पाऊण इंच किंवा त्याहून मोठा असेल, जसा काही डिझेल गाड्यांत असतो, तर सक्शनचा आर४ बघा. त्याच्यात तारेचं वेटोळं असतं, तो ओढीनं चिमत नाही.

छापील अक्षरं नसलेला पाईप विकत घ्यावाच लागला तर ही परीक्षा करा. एका दुकानात मी विचारलं होतं, “अण्णा, तेलाला चालतोय काय हा?” “चालतोय की, सगळ्याला चालतोय,” असं उत्तर आलं. मी वीतभर तुकडा घेऊन घरी आलो. त्याची एक सेंटिमीटरची चकती कापली, भिंतीची जाडी व्हर्निअरनं मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली: ३.५ मिमी. स्टीलच्या डबीत इंजिन ऑइल ओतून चकती त्यात बुडवली आणि दोन-तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. शेजारी दुसऱ्या डबीत आर६ची चकती. काढून पुसल्यावर आर६ होती तशीच होती, बोटांत दाबली तर उसळी मारत होती. दुकानातली ४.२ मिमी झाली होती, चिमटीत धरली तर बुळबुळीत आणि सैल, आणि नखानं दाबलेली खूण भरून यायला वेळ लागत होता. बाजारात कुणी काय सांगतं यापेक्षा ही चकती जास्त खरं बोलते. दोन-तीन दिवस थांबायची तयारी ठेवा.

वळणं

सरळ पाईप किती वळतो याचा ढोबळ हिशेब असा: आतल्या व्यासाच्या सहापटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवला तर तो मुडपतो. अर्ध्या इंची पाईपला म्हणजे साधारण ७५ मिमी त्रिज्या. तारेचा साचा याच्यात बसत असेल तर काम सोपं आहे, सरळ पाईप घालून मोकळे व्हा.

बसत नसेल तर पहिली कल्पना सगळ्यांना तीच सुचते, जी भाच्यालाही सुचली: हीट गननं गरम करून वाकवायचा. रबर एकदा व्हल्कनाइझ, म्हणजे उष्णतेनं पक्कं, झालं की गरम करून ते नवा आकार धरत नाही. उकळत्या पाण्यात घातलं तर मऊ पडेल, बोंडीवर चढवायला सोपं जाईल, पण गार झालं की मूळ आकाराकडे परत जाईल. जास्त तापवलं तर वरचं रबर करपेल आणि तिथूनच पुढं फुटेल. कारखान्यात कच्चं रबर साच्यावर चढवून मग पक्कं करतात, ते घरी होण्यासारखं नाही.

घरी होण्यासारखा खरा उपाय म्हणजे वळण धातूचं आणि हात-पाय रबराचे. ५/८ इंची, म्हणजे १५.९ मिमी आतल्या व्यासाच्या पाईपसाठी १६ मिमी बाहेरच्या व्यासाची सीमलेस हायड्रॉलिक ट्यूब अगदी नेमकी बसते. ज्या कारखान्यात पाईपिंगचं काम चालतं तिथं हँड बेंडर असतोच. तारेचा साचा घेऊन जा, त्याला लावून हवं तसं वळण करून मिळतं. अर्ध्या इंची पाईपसाठी मात्र १२ मिमीची ट्यूब घेऊ नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, ती सैल बसेल. तिथं एसीवाल्यांची अर्ध्या इंची तांब्याची नळी घ्या. त्यांचं माप बाहेरून असतं, त्यामुळे ती आपल्या पाईपमध्ये ठीक बसते आणि एसीच्या मिस्त्रीकडे तिचा बेंडरही असतो. तांबं हलत राहिलं की कडक होऊन तडकतं, म्हणून तांब्याच्या वळणाला जवळच्या बोल्टवर रबरी अस्तराची पी-क्लिप लावून आधार द्या.

धातूच्या टोकाला फुगीर कड हवी, नाहीतर पाईप आज ना उद्या सरकून निघतो. टोकापासून ५-६ मिमी सोडून बारीक तारेची एक कडी ब्रेझ करून घ्या आणि कानशीनं गोल करा, धार राहू देऊ नका. ब्रेझिंगनंतर नळीच्या आत काळी खपली आणि फ्लक्स राहतो. हा कण सुटला तर थेट इंजिनात जातो. तारेच्या ब्रशनं आतून घासा, रॉकेलनं धुवा, हवेनं फुंका, पांढरं फडकं ओढून काढा, आणि ते काळं येणं बंद होईपर्यंत हेच करत राहा. हायड्रॉलिकमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून हीच शिकवण असते: बाहेरून रंग नसला तरी चालेल, आतून कचरा चालणार नाही.

पाईप मुडपू नये म्हणून वरून स्प्रिंग चढवायलाही हरकत नाही. आतून स्प्रिंग मात्र मॅनिफोल्डकडच्या पाईपमध्ये कधीच नको, तुकडा मोडला तर व्हॉल्व्हच्या वाटेला जातो.

नव्या गाड्यांत नायलॉनच्या नळ्या आणि टिचकीनं बसणारे कनेक्टर असतात. तिथं हे काही करू नका, कंपनीचा भाग घ्या.

कापणं आणि तपासणं

हॅकसॉनं कापू नका, रबराचा चुरा आत पडतो. नवं ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवून एका दमात गोल कापा. आर६ला कापडी वीण असते, म्हणून आधी कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा आणि टेपसकट कापा, म्हणजे दोरे सुटत नाहीत. सुटलेला दोरा वातीसारखं तेल ओढून बाहेर आणतो आणि चांगला पाईप गळका दिसतो. कापून झालं की दोऱ्याला कापडाची चिंधी बांधून आरपार ओढा.

बसवण्याआधी दोन परीक्षा. एक टोक लाकडी खुंटीनं बंद करा, दुसऱ्यात सायकलच्या पंपानं थोडी हवा भरा आणि बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तर सांधा परत करा.

दुसरी परीक्षा मॅनिफोल्डकडच्या पाईपसाठी, आणि ती कुणी करत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेट्रोल इंजिन स्लोवर असताना मॅनिफोल्डमध्ये साधारण ४५० ते ५०० मिमी पाऱ्याएवढी ओढ असते. थंड पाईप ती सोसेल, पण इंजिन तापल्यावर रबर मऊ पडतं, तेव्हाही सोसायला हवी. म्हणून पाईप आधी कडकडीत पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. औषधाच्या दुकानातून ६० मिलीची मोठी सिरिंज आणा. पाईपचं एक टोक बंद, दुसऱ्या टोकात सिरिंज रबरी बुचातून घट्ट बसवा आणि दट्ट्या पूर्ण मागं ओढून धरा. ४० सेंटिमीटर लांब, अर्ध्या इंची पाईपच्या आतली हवा ५० मिलीच्या आसपास असते, म्हणजे दट्ट्या पूर्ण ओढला की आतला दाब निम्म्याहूनही खाली जातो. गाडीतल्या ओढीच्या जवळपास पोचलात. आता वळणावर बोट फिरवा. पाईप चपटा होत असेल तर त्या जागी धातूचं वळण घाला किंवा जाड भिंतीचा पाईप घ्या. आणि दट्ट्या धरून ठेवल्यावर हात आपोआप ढिला पडत असेल, म्हणजे ओढ टिकत नसेल, तर कुठंतरी हवा शिरते आहे.

बसवणं

बोंड्या बारीक एमरीनं साफ करा. ग्रीस नको, आत इंजिन ऑइलचा एक थेंब पुरे. पाईप बोंडीवर निदान २५ मिमी चढवा आणि क्लिप फुगीर कडेच्या मागं, तीन-चार मिलिमीटर सोडून बसवा. कडेवर क्लिप आवळली की ती रबर कापते. लहान पाईपला स्क्रूनं आवळायच्या जुबिली क्लिपची रुंद पट्टी गोल न बसता कोपरे धरते, त्यापेक्षा इंधनाच्या पाईपची अरुंद क्लिप किंवा मूळची स्प्रिंग क्लिप चांगली. रबर पट्टीच्या कडेनं जरासं फुगलेलं दिसलं की थांबा. प्लॅस्टिकच्या बोंडीवर स्प्रिंग क्लिपच घाला.

पाईप उघडा सोडून टोकाला छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. ते करू नका. पेट्रोल गाडीत क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला उत्सर्जनाच्या नियमांत परवानगी नाही, आणि तो वास केबिनमध्येच येतो. खाली लोंबता उघडा ब्रीदर तर आमच्या भागात सरळ धोकाच आहे. पावसाळ्यात मलप्रभा, मार्कंडेय चढल्या की सखल पुलांवरून पाणी जातं, आणि गरम इंजिन पाण्यात एकदम गार झालं की त्या तोंडातून पाणी आत ओढून घेतं. जुन्या डिझेल जीपवाल्यांनी आपला ब्रीदर कुठं उघडतो ते वाकून एकदा बघून ठेवावं.

आता न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू. पूर्ण तापू द्या. कुणाला तरी थोडा रेस द्यायला सांगा आणि इंजिन डोलताना पाईप कुठं घासतो का बघा. पीसीव्हीचा पाईप पकडीच्या दाढांना कापड गुंडाळून क्षणभर दाबा. स्लो थोडा उतरला पाहिजे आणि व्हॉल्व्हची टिक ऐकू आली पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर वाट अजून कुठंतरी बंद आहे. ओढ असलेल्या बाजूला साबणाचा फेस लावून गळती शोधू नका, तो आत ओढला जातो. आणि गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून शोधायची जी पद्धत काहीजण वापरतात ती बघितली तर त्यांचा हात धरा.

चीर गेलेला पाईप बदलल्यावर बहुतेक वेळा स्लो बदललेला आढळतो. जुन्या गळतीतून जादा हवा जात होती आणि त्या हिशेबानं कुणीतरी स्क्रू फिरवून ठेवलेला असतो. स्लो नव्यानं लावा, जमलं तर पीयूसीवाल्याकडे कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघत बघत.

दोन-चार दिवस गाडी चालवून, इंजिन थंड असताना क्लिपा अर्धा फेरा बघून घ्या, नवं रबर गरम-गार होताना बसतं. पावसाळ्यात गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर महिन्यातून एकदा निपाणीपर्यंत मोकळ्या हायवेवर नेऊन आणा, तवंदीचा घाट चढताना इंजिन नीट तापतं आणि साठलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. दर ऑइल बदलताना पाईपचं वरचं टोक काढून आत बॅटरी मारा. थर दिसला तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, आणि तो एकाच जागी परत परत धरत असेल तर तिथं झोळ पडला आहे: तारेचा साचा परत लावून उतार सुधारा. साचा जपून ठेवा. त्याला एक चिठ्ठी बांधा, गाडीचा नंबर, दोन्ही बोंड्यांची मापं, पाईपवर छापलेलं नाव आणि तारीख लिहून. पुढच्या वेळी सगळं काम तासाभराचं होतं.